राखणदाराचा वाफा

माझ्या सख्ख्या भावाच्या खांद्याचं हाड मी मोडलं, ते तंबाखूच्या एका वाफ्यासाठी. लोक वेगवेगळं सांगतात. मी तिथे होतो, म्हणून मी लिहितो. शाळा तिसरीत सुटली, पण एवढं लिहिता येतं.

आमचं गाव नदीला लागून. पोफळीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं, त्यामुळे नदी वैशाखातही वाहती असते. पूर ओसरला की काठावर गाळ राहतो. त्या गाळाच्या मळ्यांत आमची माणसं पिढ्यान् पिढ्या तंबाखू लावत आली. ओढायची नव्हे, मशेरीची. हर्ण्याच्या मासेवाल्या बायका आमचंच पान मागायच्या आणि बदल्यात सुकी मासळी टाकून जायच्या. भात खाण्यापुरतं होतं, बाकी सगळं घर तंबाखूवर चालायचं.

मग एका संस्थेची बाई आली. तंबाखू सोडा, कलिंगड लावा, भाजी लावा म्हणाली. पंप, नळ्या, बियाणं, माल न्यायला टेम्पो, सगळ्याला अनुदान मिळणार होतं. अट एकच. नदीकाठच्या कुठल्याही मळ्यात तंबाखूचं एक झाड जरी दिसलं, तरी अख्ख्या गावाचं अनुदान रद्द.

मी नाही म्हटलं नाही, हे लोक सोयीने विसरतात. मशेरीने माझ्या आईचं तोंड सडलं, शेवटी तिला पेजसुद्धा गिळत नव्हती, ते मी पाहिलंय. सगळा मळा सोडतो म्हणालो. फक्त एक वाफा राहील, राखणदाराचा.

राखणदार म्हणजे आमच्या मळ्याच्या बांधावरचा दगड. जागा तो सांभाळतो. वर्षाला त्याच्यापुढे कोंबडा कापायचा, रक्त दगडावर सोडायचं आणि त्याच मळ्यातलं तंबाखूचं पहिलं पान ठेवायचं. बाजारातलं पान चालत नाही. आमच्या घरात हे कधी चुकलेलं नव्हतं, आणि माझ्या हयातीत चुकणार नव्हतं.

देवळात बैठक भरली. अनुदान घ्यायला गावाने शेतकऱ्यांचा गट केलेला, माझा धाकटा भाऊ त्याचा अध्यक्ष. मुंबईला गोदीत उभा जन्म काढून आलेला, त्यामुळे बोलायला पुढे.

"दादा, त्याला शिगरेटचं पाकीट ठेव," तो म्हणाला. "दगड खूश होल."

माणसं हसली. मी विचारलं, "आपल्या बापाला पिंडाच्या जागी पाव ठेवलावस काय रे?"

"त्याला आवडायचा पाव."

पुन्हा हसली. मी चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. मग कोण कोणाला मारतोय ते कळायची सोय राहिली नाही. शेजारच्या घरातल्या एकाने माझा गळा धरून मला खांबावर आपटलं. मी त्याचा अंगठा चावला. तो सोडवायला दोघे लागले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आमच्या छपरावर दगड पडले. कौलं फुटली, आणि एक तुकडा आमच्या मंडळीच्या कपाळात बसला. रक्त पदराने दाबत ती म्हणाली, "वाफा ठेवा असा मी कधी बोललेली नाय. पण आता भिऊन उपटलात, तर माज्या हातचा जेवान तुमाला मिळायचा नाय."

मी लावला. वाफा गुडघ्यापर्यंत वाढला, पानं हाताएवढी झाली.

बाई पाहणीला यायची होती, त्या सकाळी भाऊ चार माणसं घेऊन मळ्यात उतरला. कुदळी होत्या. मी राखणदारापाशी उभा होतो. कमरेच्या आकडीत कोयती होती, पण भावावर कोयती उपसायची नाही एवढं मला कळत होतं. कुदळीचा नुसता दांडा हातात घेतला.

"बाजूला हो, दादा. सगळ्या गावाचा घास हाय हा."

"गावाने खावा. माझा वाफा सोडून सगळी नदी खा."

"बाईला तुजा राखणदार कळनार नाय."

"मग तुला तरी कळूदे."

त्याने पहिलं झाड मुळासकट उपटलं आणि माझ्या छातीवर फेकलं. मी त्याच्या खांद्यावर दांडा घातला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि त्याचा डावा हात लोंबायला लागला. तरी तो थांबला नाही. डोकं खाली घालून माझ्या तोंडावर आला. माझे समोरचे दोन दात गेले. त्याच्या कपाळाला माझा दात लागला आणि भळाभळा रक्त आलं. आम्ही दोघे वाफ्यात पडलो. म्हातारी माणसं, पण मी त्याचे केस धरून तोंड चिखलात दाबलं आणि त्याने एका हाताने माझी मान. बाकीच्यांनी ओढून काढलं तेव्हा दोघांनाही श्वास नव्हता.

तंबाखूचं पान चिकट असतं. त्यावर पडलेलं रक्त ओघळत नाही, पडतं तिथेच बसतं. वाफ्यातलं एकही पान कोरं नव्हतं.

भाऊ चिखलात बसून पाहत होता. म्हणाला, "दे आता. ठेव तुज्या राखणदाराफुडं."

कोंबड्याचं रक्त राखणदाराला चालतं. माणसाचं लागलेलं पान त्याच्यापुढे ठेवत नाहीत. ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही. लहानपणी बापाचा हात धरून दोघेही तिथे उभे राहिलेलो.

एकाने झाडाला हात घातला. मी म्हटलं, "हात लावशील तर तोडीन. माझं मी काढतो."

मी एकेक झाड काढलं. मुळं झटकली, भारा बांधला आणि नदीत सोडला. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं, ते मातीत मुरू दिलं. दगडापुढे काहीच ठेवलं नाही. काय ठेवायचं ते सुचलं नाही.

बाई आली तेव्हा मी तोंडाला पंचा लावून बांधावर बसलो होतो. भावाचा हात गळ्यात बांधलेला. दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकेना, आधी पाहणी होऊदे म्हणाला. बाईने उकरलेल्या मातीकडे बोट केलं. "इथे काय होतं?"

मी पंचा काढला. "तंबाखू होती. मी लावलेली. मीच काढली."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भावाच्या हाताकडे. "आणि हे काय झालं?"

"बैलानं मारलान," भाऊ म्हणाला.

"बापरे. कोणाचा बैल?"

"आमच्याच घरचा. म्हातारा झालाय. इकायला काडला तर घेत कोन नाय."

बाईने पुढे काही विचारलं नाही. मळे फिरून पाहिले आणि मंजूर म्हणून सांगून गेली. त्याचा खांदा वाकडाच जुळला. चार माणसांत मला बैल म्हणाला, ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.