पांढऱ्या लुगड्यातली बाई

मी कारंज्याच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो तेव्हा भुताचा एक सिनेमा आमच्याकडे तीन आठवडे चालला. त्या तीन आठवड्यांत माझ्या मोठीमायनं मला तोडलं.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती कामरगावला राहायची. नवरा गेल्यापासून पांढरं लुगडं नेसायची आणि दर बाजाराला तुपाचं गाडगं घेऊन मोटारीनं कारंज्याला यायची. शाळेची चार वर्षं मी तिच्याच घरी जेवलो होतो. बोलायला ती तेव्हाही गोड नव्हती. ताटात भाकर टाकायची तीसुद्धा भांडल्यासारखी.

सिनेमाची गोष्ट अशी की एका ओसाड हवेलीत नवा मालक राहायला येतो. कंदील धरलेला म्हातारा नोकर त्याला अंधारात बाहेर पडू नका म्हणून बजावतो. तो अर्थातच बाहेर पडतो. लांबून पैंजण वाजतात आणि पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली एक बाई गाणं म्हणत धुक्यातून निघून जाते. शेवटी कळतं की ती जिवंत आहे आणि इस्टेटीसाठी दिवाणजीनं तिला हे सोंग घ्यायला लावलंय. असले सिनेमे मी आधीही चालवले होते. हवेली बदलायची, नोकर बदलायचा, बाई तीच वाटायची.

रोज दोन खेळ चालवून मला त्यातली कारागिरी पाठ झाली होती. लोक बाईला भ्यायचेच नाहीत, ती येण्याआधीच भिऊन बसलेले असायचे. आधी नुसता आवाज यायचा. मग दाराची कडी हलायची आणि कॅमेरा त्या कडीवरच खिळून राहायचा, आत कोणीच यायचं नाही. लोकांचा श्वास अडकायचा. तेवढ्यात खिडकीतून मांजर उडी मारायचं, लोक हसून सैल पडायचे, आणि त्या सैल पडलेल्या क्षणी बाई समोर उभी. दिवा खालून लावलेला, म्हणून डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. चेहरा तर शेवटच्या रिळापर्यंत धड दाखवलेलाच नव्हता. मी केबिनच्या भोकातून पडदा बघत नसे, माणसं बघत असे. कोणती रांग कधी दचकणार हे मला आधी ठाऊक असायचं आणि त्याची मला मस्ती चढली होती. पैंजण सुरू झाले की मी आवाजाचं बटण आणखी पिळायचो.

पहिल्या आठवड्यात गर्दी बेताची होती. मालक वैतागला. बँड लावून टांगा फिरवू म्हणाला.

"बँड नोको," मी म्हणालो. "टांग्यात एका गड्याले पांढरी साडी नेसवून बसवा. तोंड झाकलेलं. बोलाचं काई नाई. नुसते पैंजण वाजवाचे."

दिवेलागणीला तो टांगा गावातून फिरला. दुसऱ्या दिवशी बायकांच्या बाजूला बसायला जागा उरली नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मोठीमाय टॉकीजच्या दारात येऊन उभी राहिली. लुगडं तुपानं माखलेलं, कानामागून रक्ताचा ओघळ. मोटारीतून उतरल्यापासून पोरं 'टांग्यातलं भूत' म्हणून ओरडत तिच्या मागं लागली होती. एकानं पहिला दगड मारला, मग सगळ्यांनी मारले. ती एका ओळखीच्या घराकडे वळली तर तिथल्या बाईनं आपलं लेकरू आत ओढून दार लावून घेतलं.

"टांग्यातलं ते सोंग कोणाच्या डोक्यातून निंघालं?" तिनं विचारलं.

"मालकाच्या," मी म्हणालो.

मालक खुर्चीतच बसला होता. त्यानं मान वर केली. "खोटं बोलून राह्यला, बाई. तुमच्याच पुतण्याची अक्कल हाय ते."

मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं. मारेल असं वाटलं, पण तिनं मारलं नाही.

"दाखव मले," ती म्हणाली. "ज्याच्यापायी गोटे खाल्ले तो सिनेमा पाहू तं दे."

मालक विजेच्या इंजिनाला लागणाऱ्या तेलाचं कारण सांगू लागला. ती दारातून हलली नाही. बाजाराला आलेली माणसं थांबून बघायला लागली, तसा तो मला म्हणाला, "चालू कर न् मोकळी कर तिले."

भर दुपारी त्या पत्र्यांच्या खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे कवडसे थेट पडद्यावर पडायचे. मोठीमाय बायकांच्या बाजूला गेली नाही. मधोमध खुर्चीवर एकटी बसली, कानाला पदर दाबून. मशीन एकच होतं, त्यामुळे दर रिळाला खेळ थांबायचा. धुक्यातली बाई पहिल्यांदा येऊन गेली, रीळ संपलं आणि खालून तिचा आवाज आला.

"तिले पांढरं काहून नेसवलं?"

"अंधारात पांढरंच उठून दिसते, म्हून."

"म्हंजे तुमच्या दिव्याच्या सोयीसाठी."

मी पुढचं रीळ चढवलं. मांजराला ती हसली नाही, कडीला दचकली नाही. सिनेमा संपल्यावर मी खाली आलो तेव्हा ती अजून खुर्चीतच होती.

"शेवटी तं जित्तीच निंघाली ते बाई."

"हो."

"मंग लोकं घरी जाऊन हे काहून नाई सांगत?"

"लोकं भ्यायाले येतात, मोठीमाय. शेवट कोणी ध्यानात ठेवत नाई."

"आन् तुले हे माहीत होतं."

"होतं."

"चार वर्सं ह्याच लुगड्यात तुले वाढलं म्या," ती म्हणाली. "तवा नाई भेव लागलं तुले. आज सांजच्याले लोकाइले सांग, का बाई जित्ती हाय म्हून."

मालकानं दारातूनच सांगून टाकलं, असलं काही होणार नाही. सिनेमाचा शेवट आधी सांगितला तर तिकीट कोण काढेल. मोठीमाय उठली आणि माझ्या अंगाला अंग लागू न देता निघून गेली.

त्या संध्याकाळच्या खेळाला मी पैंजण सुरू होणार तेवढ्यात आवाज बंद केला. आधी शिट्ट्या पडल्या, शिव्या पडल्या. मग लोक बघायला लागले. आवाजाशिवाय ती बाई फारच गरीब दिसत होती. निऱ्या पायात येऊ नयेत म्हणून एका हातानं साडी धरून, जपून पाय टाकत चालली होती. धुक्यासाठी सोडलेल्या धुरानं तिचे डोळे चुरचुरत असावेत, पापण्या मिटमिटत होत्या. नुसते ओठ हलत होते. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि बघता बघता सगळी टॉकीज हसायला लागली.

मालक जिना चढून वर आला. "मशीन बिघडलं," मी म्हणालो. त्यानं स्वतः बटण पिळलं, आवाज भसकन आला, आणि त्यानं माझ्या मुस्काटात मारली. मी त्याला एक घाण शिवी दिली. दुसऱ्या सकाळी त्यानं टॉकीजमधली माझी ट्रंक रस्त्यावर आणून ठेवली.

मी तडक कामरगावला गेलो. नोकरी गेली याचं वाईट वाटत नव्हतं. उलट मनात अशी आशा होती की आता ती मला घरात घेईल.

ती अंगणात तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"हासले लोकं?"

"हो. खूप."

"म्हंजे माह्या लुगड्यालेच हासले ना मंग. दुपारी भेले, सांजच्याले हासले. आन् तुले वाटते तू माह्यासाठी काई केलं."

तिनं बस म्हटलं नाही. मी उभा राहिलो, मग निघालो.

सिनेमाच्या पेट्या पुढच्या गावी गेल्या, पण कारंज्याच्या पोरांनी तिला दिलेलं नाव वर्षभर टिकलं. तिनं बाजार सोडला नाही आणि लुगडंही बदललं नाही. हातात काठी धरायला लागली. एका पोराच्या पाठीत तिनं ती खरोखरच घातली. त्याचा बाप भांडायला आला तर त्यालाही मोटारीच्या अड्ड्यापर्यंत पिटाळलं.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर लागलो. माझ्या लग्नाला ती आली नाही. दिवाळीला मी जात राहिलो, ती दारातच गडव्यानं पाणी द्यायची आणि गुराढोरांचं काम काढून आत निघून जायची. चार-पाच वर्षं असं चाललं. पुढं मीच जायचं बंद केलं.