डॉक्टर ओगल्यांच्या घरचा फोन

डॉक्टर शशिकांत ओगले आणि आम्ही बर्मिंगहॅमच्या एका उपनगरात भिंतीला भिंत लावून राहत होतो. देवमाणूस. फक्त आपल्याला सगळं कळतं, हा त्यांचा एकच आजार, आणि त्यावर त्यांच्या बॅगेत औषध नव्हतं.

आमच्या मराठी लोकांना एक खोड होती. कुणाच्या छातीत दुखू दे, कुणा म्हाताऱ्याला धाप लागू दे, अँब्युलन्सचा नऊशे नव्व्याण्णव नंबर फिरवायचं सोडून लोक ओगल्यांच्या घरी फोन लावायचे. "भाऊजी, जरा येता का?" घरचा डॉक्टर असताना परक्या दारात कशाला उभं राहायचं? ते जेवणावरून उठून निघायचे. कधी इंजेक्शन, कधी नुसता धीर. अगदी नाइलाज झाला तरच हॉस्पिटल. फी म्हणजे चकल्यांचा डबा. पुढे गुजराती, पंजाबी, इतकंच काय, कोपऱ्यावरची गोरी आजीसुद्धा तोच नंबर फिरवू लागली.

एकोणनव्वद साली त्यांना स्वतःलाच हार्ट अटॅक आला. सुदैवानं ते ज्या छोट्या हॉस्पिटलात कन्सल्टंट होते ते आमच्या रस्त्याच्या टोकालाच होतं. त्यांची बायको सुप्रभा आणि मी, आम्ही दोघींनी त्यांना गाडीत घालून तिथल्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात नेलं, म्हणून वाचले. दुसऱ्यांदा असं झालं तर वेळ दवडू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि तीच कॅज्युअल्टी बंद करायला या गृहस्थांनी हात वर केला. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

झालं असं, की सरकारनं हॉस्पिटलांचा बाजार मांडायचं ठरवलं, म्हणजे मागणी असेल तिथेच पैसा. हॉस्पिटलच्या कमिटीवर ओगले होते. तिथे जिलियन नावाची अर्थशास्त्र शिकलेली तरुण मुलगी कॉम्प्युटरवर केलेलं मॉडेल घेऊन आली. पोरगी वाईट नव्हती. मन लावून काम करायची. ओगल्यांना लहानपणापासून गणिताचं वेड, वडिलांनी ढकललं मेडिकलला. मॉडेल बघून ते हरखले. आमच्या घरी चहाला आले की पेपर नॅपकिनवर रेघोट्या काढून समजावायचे.

"शैलावहिनी, माणसाला जे हवं असतं ते तो मागतो. मागत नाही, म्हणजे त्याला नको असतं. आपल्या एरियातून कॅज्युअल्टीला येतं कोण? शहरात सगळ्यात कमी डिमांड आपली. उगाच चालू कशाला ठेवायची?"

सुप्रभा पटकन म्हणाली, "अहो, पण आपल्या घरी येतात त्या फोनांचं काय? ती डिमांड नाही का?"

ते हसले. "अगं, त्याला प्राइस नाही. ते मॉडेलमध्ये धरत नाहीत."

"आणि तुम्हाला पुन्हा झालं तर?" मी विचारलं.

"एका माणसावरून पॉलिसी ठरत नसते, वहिनी. अ‍ॅव्हरेज बघायचं असतं."

मी म्हटलं, अ‍ॅव्हरेज माणूस मी अजून पाहिला नाही, त्याला एकदा चहाला घेऊन या. त्यावरही ते हसलेच.

त्र्याण्णवच्या वसंतात कॅज्युअल्टीला कुलूप लागलं. लोक मोठ्या हॉस्पिटलात जातील, असं मॉडेल म्हणत होतं. ते शहराच्या पार पलीकडे, दोन बस बदलून. लोक कशाला जातात? ते ओगल्यांना फोन करू लागले. पूर्वी दिवसाला एखादा यायचा, आता जेवणाचं ताट वाढलं की घंटी वाजायची. हिवाळा लागला तसा माणूस ओढल्यासारखा दिसू लागला. जिना चढताना मधेच थांबायचा. सुप्रभा मला म्हणाली, "शैला, मला भीती वाटते गं. फोन वाजला की वाटतं, उचलूच नये."

आणि ओगले काय म्हणत होते? "बघा, बंद केली, तरी मोठ्या हॉस्पिटलातली गर्दी वाढली नाही. जिलियनचं मॉडेल करेक्ट निघालं." मला हसावं की रडावं कळेना. ती सगळी गर्दी हा माणूस एकटा अंगावर घेत होता, आणि तेच त्याला दिसत नव्हतं.

जानेवारीत सुप्रभाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शनिवारची दुपार, घर बायकांनी भरलेलं. ओगले कुणाला तरी बघून परत आले, बॅग ठेवली आणि जिन्याच्या पायरीवरच बसले. चेहरा राखेसारखा. सुप्रभा हातातलं तिळगुळाचं तबक टाकून फोनकडे धावली. ती उचलणार तोच फोन वाजला. पलीकडे मागच्या गल्लीतल्या गिरीशची बायको रश्मी होती. "वहिनी, भाऊजी आहेत ना? बाबांना श्वास घेता येत नाहीये, त्यांना लगेच पाठवा."

सुप्रभानं फोन आपटला, पुन्हा उचलला. लाइनवर रश्मीच. घाबरलेली पोर फोन ठेवतच नव्हती, आणि तिनं ठेवल्याशिवाय लाइन सुटत नव्हती. मी पळत माझ्या घरी गेले आणि अँब्युलन्स बोलावली. ती आली शहराच्या पलीकडून, फुटबॉल मॅचच्या गर्दीतून. त्यांना घेऊन ती बंद कॅज्युअल्टीच्या दारावरूनच गेली. मोठं हॉस्पिटल येण्याआधी ओगले गेले. रश्मीचे सासरे वाचले, तिनंही शेवटी अँब्युलन्सच बोलावली.

एप्रिलमध्ये जिलियन सुप्रभाला भेटायला आली. ओगल्यांचं पेन आणि चहाचा मग कमिटीच्या खोलीत राहिले होते, ते घेऊन. बोलता बोलता कामाचा विषय निघाला. मोठ्या हॉस्पिटलात तुमच्या भागातून येणारे पेशंट जानेवारीपासून एकदम वाढलेत, म्हणाली. रोगाची साथ नाही, लोकवस्ती तीच. मॉडेलला कारणच सापडत नाही.

सुप्रभा तिला इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "कारण ते गेले."

जिलियनचे डोळे भरून आले. तिनं सुप्रभाचा हात हातात घेतला. "किती साहजिक आहे तुम्हाला असं वाटणं," ती म्हणाली, आणि चहा संपवून कामाला निघून गेली.