सतरा खिळे

"मार्चिंग आऊटला काय सांगायचं?"

आमच्या भाडेकरणीचं हे वाक्य गल्लीत आता सगळ्यांना पाठ आहे. फळवाल्या बागवान चाचांच्या हातून पपई कापताना सुरी जास्त गेली, की तेही हेच म्हणतात. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून आधी सांगते. फौजेत जवानाला बायकापोरांसह राहायला क्वार्टर मिळतं. ते सोडताना एक माणूस यादी घेऊन येतो. बल्ब, नळ, खिडकीच्या काचा, भिंतीतले खिळे, सगळं मोजतो. यादीप्रमाणं असलं तर सही करतो आणि मग तुम्ही मोकळे. याला मार्चिंग आऊट म्हणतात. सही झाली नाही तर मागं बोलावून घेतात, असं ती सांगायची.

ती नेकनूरला माझ्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा सोबत सहावीतली मुलगी होती आणि तीन काळ्या पेट्या होत्या. पेट्यांवर पांढऱ्या रंगानं नवऱ्याचं नाव आणि नंबर. सासर युसूफ वडगावच्या पलीकडं एका वस्तीवर, माहेर तलवाड्याचं. मी म्हटलं, "दोन्हीकडून लांब हितं कशाला आलीस गं?"

"पोरीला शाळा हाय. आन् हितून बीडला जायला गाडी कवाबी मिळती, काकू. क्वार्टरचा नंबर लागला की निघायला बरं."

म्हणजे आल्या दिवशीच जायची भाषा. मला राग आला. पुढं पाणी पिऊन झाल्यावर तिनं एक कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. बल्ब दोन. नळ एक, गळका. खिडकीच्या काचा चार, पैकी डाव्या कोपऱ्यातल्या काचेला बोटभर तडा. खिळे सतरा. खाली माझ्या सहीला जागा सोडलेली.

मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. लोकांच्या सह्या मी घ्यायचे, माझी कुणी घेतली नव्हती. "आमच्यावर इश्वास न्हाई का?" मी विचारलं.

"हाय की. म्हणून तर आधी दावलं."

केली सही. गळका नळ लिहिला होता म्हणून दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावून तो दुरुस्त केला. तिनं यादीत 'गळका' खोडून 'बरा' लिहिलं आणि शेजारी पुन्हा माझी सही घेतली.

खिळ्यांचं थोडं सांगते. ते आमच्या मालकांनी ठोकलेले. मालक, म्हणजे माझे यजमान, चांगले होते, पण हातात हातोडा आला की त्यांना सुचेल तिथं खिळा बसायचा. एक पार आढ्याजवळ, एक दाराआड गुडघ्याएवढ्या उंचीवर, तीन एकाच ओळीत आणि तिन्ही निरुपयोगी. ते गेल्यावर मी एकही उपटला नाही. फौजिणीनं, गल्लीत तिला सगळे फौजीणच म्हणायचे, त्या सतरा खिळ्यांत संसार मांडला. पोरीचं दप्तर गुडघ्याच्या खिळ्याला. कॅलेंडर आढ्याजवळ. तारीख बघायला स्टुलावर चढावं लागे. आरशाला मात्र जागा निघाली नाही, तो पेटीवर टेकवून ठेवलेला.

"एक खिळा मार की बाई, माझंच घर हाय, मीच सांगते."

"नगं काकू. मार्चिंग आऊटला काय सांगायचं?"

एकदाच क्वार्टरमध्ये राहिली होती ती, लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, दीड वर्ष, तिकडं उत्तरेत. पोरीच्या हातून एक काच फुटली आणि निघायच्या दिवशी त्या काचेपायी सही अडली. गाडी चुकली, पेट्यांवर बसून राहावं लागलं. पण त्या दीड वर्षाबद्दल बोलायला लागली की ती थांबत नसे. शेजारीण पंजाबी, समोरची मल्याळी. नवरा रोज संध्याकाळी घरी यायचा हे ती असं सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं बाकीच्या बायकांचे नवरे कुठं जातात कोण जाणे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यातलं एका छपराखालचं ते दीडच वर्ष. बाकी सगळ्या सुट्ट्या.

पंजाबी शेजारणीनं शिकवलेला राजमा तिनं एकदा गल्लीभर वाटला. आम्ही म्हटलं, हा मोठा घेवडाच की. चाचांची बायको म्हणाली, चांगलाय, यात मटण पाहिजे होतं. फौजिणीनं भांडी मोजून परत घेतली.

दर रविवारी दुपारी नवऱ्याचा फोन यायचा. तो क्वार्टरच्या यादीतला नंबर सांगायचा. ती आली तेव्हा एकेचाळीस होता. फोन झाला की ती ओट्यावर यायची आणि चाचा हातगाडी थांबवायचे.

"कितवा, बेटी?"

"अडतीस."

"आयेगा, आयेगा," म्हणायचे आणि एक चिकू ठेवून जायचे. हळूहळू सगळ्या गल्लीचं ते काम झालं. नंबर एकदा बाविसावरून चोविसावर गेला तेव्हा गल्लीत दोन दिवस संताप होता. मधी घुसला कोण, असं चाचांचं म्हणणं. तक्रार कुठं करायची हे कुणालाच माहीत नसल्यामुळे ते तसंच राहिलं.

नवरा सुट्टीवर आला की पहाटे उठून अंगण झाडायचा. मला लाज वाटायची, म्हणून मी त्याच्या आधी उठून झाडायला लागले, तर तो आणखी लवकर उठायला लागला. शेवटी मी नाद सोडला. गडी उंच, आरसा पेटीवर. दाढी करताना अर्धा वाकायचा. एके दिवशी त्यानं माझ्याकडून हातोडा मागून नेला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं भिंतीला खिळा लावला, हातोडा उचलला आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"अठरावा हुईल."

"तो क्या हुआ? घर तो है." फौजेत राहून त्याच्या तोंडी हिंदीच बसली होती.

"हे घर न्हाई. घर नंबर लागल्यावर."

त्यानं हातोडा आणून दिला. सुट्टी संपेपर्यंत वाकूनच दाढी केली. जाताना बॅग उचलून मला म्हणाला, "काकू, हिला सांभाळा." मी म्हटलं, "तीच मला सांभाळती रे." ते खरंच होतं. माझं गुडघ्याचं दुखणं, औषधाच्या वेळा, गॅसचा नंबर लावणं, सगळं तिच्याकडं गेलं होतं. मुलगा पुण्यात, सून पुण्यात. मला संध्याकाळी चहाला हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं.

नंबर चारवर आला. तिनं पांढरा रंग आणला आणि पेट्यांवर नवऱ्याच्या नावाखाली नव्या ठिकाणाचा पत्ता लिहिला. अक्षर फार सुंदर. चाचांनी सगळ्या गल्लीला संत्री वाटली. पुढच्या रविवारी फोन झाला आणि ती ओट्यावर आलीच नाही. मी आत गेले. ती पेट्यांपुढं बसली होती. नवऱ्याची पलटण सीमेवर निघाली होती, तिथं बायकापोरांना नेता येत नाही. यादीतलं नावच निघालं.

"गेला नंबर," ती म्हणाली. मग उठून काळा रंग आणला आणि पत्ता पुसायला लागली. तीन पेट्या, तिन्हींवर दोन-दोन हात दिले. मी रंगाचा डबा धरून उभी होते. रडली नाही. पोरगी रडली. फौजिणीनं तिला जेवायला वाढलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता तुम्हाला खरं सांगते, कारण खोटं सांगून काही उपयोग नाही. मला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी मनात कुठंतरी बरंही वाटलं, की चला, आता ही एवढ्यात जात नाही. रात्रभर मला माझीच शरम वाटली. सकाळी मी तिला धपाटे करून नेले. त्यातलं तिला काही कळलं नसावं असं तेव्हा वाटलं होतं.

नवरा पुढं दीड वर्षानं पलटणीबरोबर सीमेवरून पुन्हा खाली आला, दुसऱ्या गावाला. नवी यादी, नवा नंबर, एकोणीस. या वेळी चाचा मोठ्यानं विचारत नसत. गाडी हळू करायचे, ती बोटं दाखवायची. पेट्यांवर तिनं काही लिहिलं नाही. आणि एका गुरुवारी, रविवार नसताना, फोन आला. क्वार्टर मिळालं. किल्ली नवऱ्याच्या हातात होती.

दोन दिवसांत तिचं घर पेट्यांत गेलं. तुळससुद्धा तुपाच्या डब्यात होती, डब्याला तारेची कडी. टेम्पो दारात आला. शाळेचा दाखला घेऊन पोरगी पुढं बसली. फौजीण माझ्याकडं आली, हातात साडेतीन वर्षांपूर्वीचा तो कागद.

"चला काकू. मार्चिंग आऊट."

आम्ही दोघी रिकाम्या खोल्यांत फिरलो. बल्ब दोन, दोन्ही लागत होते. नळ बरा. काचा चार, तडा होता तेवढाच, बोटभर. खिळे मोजले. सतरा. मी पुन्हा मोजले. सतराच. भिंतीला डाग नाही, उंबऱ्याला ओरखडा नाही. मला इतका राग आला. अगं, माणूस साडेतीन वर्षं राहतं तिथं काहीतरी फुटतं, कुठंतरी तेलाचा हात लागतो. हिनं काहीच ठेवलं नव्हतं. आता मी कशाकडं बघायचं?

तिनं कागद आणि पेन पुढं केलं.

"चष्मा सापडंना," मी म्हटलं.

"तुमच्या हातात हाय, काकू."

हातात होता. मी तो घातला, कागद वाचला, पेन धरलं. सही झाली नाही तर मागं बोलावून घेतात, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी पेनाला टोपण लावलं.

"मी न्हाई करत सही."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सहीशिवाय उंबरा ओलांडणारी ही बाई नव्हे. माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे डोळे भरले, साडेतीन वर्षांत मी पहिल्यांदा पाहिले. तिनं कागदाची घडी घातली, दाराआडच्या गुडघ्याएवढ्या खिळ्याला अडकवली आणि खाली वाकून माझ्या पाया पडली.

"सवडीनं करा," म्हणाली, आणि जाऊन टेम्पोत बसली.

कागद तिथंच आहे. खोल्या बघायला लोक येतात, तर मी सांगते की रिकाम्या नाहीत, आधीच्यांचं मार्चिंग आऊट व्हायचंय. चाचा मागून मान हलवतात.

रविवारी दुपारी आता तिचा फोन मला येतो. नवरा रोज संध्याकाळी घरी येतो हे सांगून झालं, की ती विचारते, "काकू, झाली का सही?"

"चष्मा सापडंना गं."

"आसू द्या," ती म्हणते. "घाई न्हाई."