एकाच खोऱ्यातली कंपनी

"त्याचं नाव तोंडातून काढू नका," ग्रिझेल म्हणाली. "निनियन सोडून कुणाचंही बोला."

"सतरा पूर्ण झाली तुझ्या भावाला. त्या वयात मी हातात भाला धरला होता."

"तुम्हाला जमीन नव्हती म्हणून धरलात. त्याला आहे."

कप्तान इनिसने बायकोकडे उजवा कान पुढे केला. डावा तोफांनी कधीच नेला होता. स्कॉटलंडमधल्या धाकट्या मुलाच्या वाट्याला काय येणार? आधी तो डचांसाठी लढला, मग डेन्मार्कच्या राजासाठी, आता स्वीडनच्या. वरचा मेला की एक पायरी चढायची, असं करत चौदा वर्षांनी कप्तान झाला. तेव्हा गावी जाऊन चर्चच्या दारात उभा राहिला आणि आपल्याच खोऱ्यातले एकशेदहा जण घेऊन आला. काका, पुतणे, मेहुणे, सगळे एका झेंड्याखाली. शेजारी आपलाच माणूस असला की कुणी पाठ दाखवत नाही, असं तिकडे मानतात. जर्मनीत ओडर नदीकाठच्या एका किल्ल्याच्या खिंडारात खरंच कुणी पाठ दाखवली नाही. अर्ध्या तासात सत्तर गेले, त्यात ग्रिझेलचे दोन भाऊ. मग या वोलगास्टच्या छावणीत तापाची साथ आली. आता एकोणीस उरले होते, आणि वरून हुकूम आला होता: वसंतापर्यंत शंभर भरा, नाहीतर कंपनी मोडू. बिनकंपनीचा कप्तान म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीतला आगंतुक.

"आईने पाद्रीबाबांकडून काय लिहून घेतलंय, वाचलंत ना? म्हाताऱ्या रॉबची शवपेटी बायकांनी खांद्यावर नेली. पुरुष नव्हतेच. कुणाच्या दारात उभे राहणार आहात?"

सार्जंट डूगल जवाची भाकरी चावत म्हणाला, "मी पुढे जाऊन कुत्री बांधायला सांगतो, कप्तान. म्हाताऱ्या तीच अंगावर सोडतील."



"जर्मन घ्या," ग्रिझेल म्हणाली. "रस्त्यावर उपाशी फिरतायत ढिगाने."

"ते पहिल्या खिंडारातच पळतील."

"पळू देत. जगतील तरी."

कप्तानाने ताटली बाजूला सारली. मग मोलकरणीकडे वळला.

"ट्रीने, माझे लोकरीचे मोजे काढून ठेव. गुरुवारी जहाज सुटतंय. डूगल, तू झेंडा घेऊन बरोबर येतोस. पहिलं नाव निनियनचं. कप्तानाच्या घरचा आला, की बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही."