डोंगरावरचा पाऊस आणि माझं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील सभेहून खिसाभर पत्रकं घेऊन यायचे आणि आई त्यांवरच मेथी निवडायची. त्यामुळे 'धिक्कार' आणि 'षड्यंत्र' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आले.

त्या दुष्काळी वर्षांत औरंगाबाद पडेगावच्या बाजूला पसरत चाललं होतं. आमच्या कॉलनीत इमारती आल्या होत्या, नळ यायचे होते. मोठी होऊन मीही पत्रकं काढू लागले होते, पण स्वतःच्या गल्लीतल्या पाण्यावर पत्रक काढणं मला किरकोळ वाटायचं. मला अन्याय हवा होता तो लांबचा. तो कन्नड तालुक्यात, मामाच्या गावी सापडला.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. ढग माथ्यावरच रिकामे होत आणि गावावरून नुसती सावली सरकत जाई. ऐन श्रावणात मामी शेजारच्या शिवारातून डोक्यावर पाणी आणत होती. गावानं टँकर मागितला, तर उत्तर आलं की तुमच्या मंडळात पाऊस पुरेसा झालाय. मंडळ म्हणजे आजूबाजूच्या गावांचा गट. सगळ्यांचा पाऊस एकाच पर्जन्यमापकात मोजायचा आणि ते मापक डोंगरावरच्या गावात. मोजणारा तिथला म्हातारा कोतवाल.

षड्यंत्र मला लगेच दिसलं. कोतवाल घरबसल्या आकडे भरतो! मी त्याला पाहिलं नव्हतं, डोंगरही चढले नव्हते. पत्रकाला त्याची गरज वाटली नाही. 'पाऊसचोरांनो, जाब द्या' असा मथळा देऊन मी ते छापून आणलं आणि देवगावच्या बाजारात मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या. एका भजीवाल्यानं गठ्ठाभर प्रती मागितल्या. मी हुरळून दिल्या.

पुढच्या आठवड्यात मामा तालुक्याहून परतला. गावाचा दुसरा अर्ज मंजुरीला आला होता, तेवढ्यात कुणीतरी तहसीलदार साहेबांपुढं माझं पत्रक ठेवलं. आकडेच खोटे असतील तर आधी चौकशी, मग टँकर, असं म्हणून साहेबांनी अर्ज बाजूला सारला. मामा चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "चल वर. तुझा चोर दाखीव मला."

सकाळी निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत चपलांखाली फुफाटा होता. माथ्यावर पोचलो तेव्हा ओढणी पिळावी लागली. पर्जन्यमापकापाशी कोतवाल डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभा होता. मामानं ओळख करून दिली. त्यानं काचेचं माप माझ्या हातात ठेवलं.

"तुमीच वाचा, ताई. मी वाचलेलं खोटं असतंय म्हनं."

मी वाचलं, त्यानं वहीत लिहिलं. मागची पानं चाळली तर एक दिवस सुटलेला नव्हता. तो तापानं पडला होता तेवढे दिवस सुनेचं अक्षर होतं. पाऊस खरा होता. फक्त तो आमच्या गावावर पडला नव्हता.

मी माफीचं लांबलचक भाषण सुरू केलं. त्यानं हातानंच थांबवलं. माफी राहू द्या, म्हणाला, खाली दुसरं मापक बसवा असा अर्ज लिहा, मी सही करतो. मी तिथंच बसून तीन पानं लिहिली. त्यानं चष्मा लावून वाचली आणि 'सुलतानी', 'वणवा', 'राखरांगोळी' हे शब्द एकेक करून खोडले.

"साहेबाला टँकर धाडायचाय, ताई. बंब नाय."

उरल्या चार ओळी. त्या, आणि माझा आरोप चुकीचा होता हे, मी त्याच बाजारात त्याच आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या नाहीत. पुढं साहेब पाहणीला आले तेव्हा वही घेऊन कोतवाल स्वतः डोंगर उतरून आला आणि आमच्या कोरड्या ओढ्यात उभं राहून त्यांना वरचा पाऊस न् खालची माती समजावत राहिला.

टँकर आला त्या दिवशी मामीनं माझ्या हातात दोन घागरी दिल्या आणि रांगेत उभं केलं.

"हितं कुनाला काय वाचून दाखवू नको," तिनं बजावलं. "गुमान पानी भर."