तिसऱ्या अंकातला पॉज

उमरठच्या वाटेवर लागणाऱ्या त्या छोट्या वाडीत श्रीपतला नटांत कुणी धरलं नाही, आणि त्यानंही कधी तोंड वेंगाडलं नाही. सव्वीस वर्षं वाडीचं नाटक झालं आणि सव्वीस वर्षं तो उजव्या विंगेत एका लाकडी खोक्यावर बसला. मांडीवर वही, हातात बॅटरी. नट अडला की त्याला पुढचे शब्द द्यायचे, एवढंच त्याचं काम. प्रेक्षकांनी त्याचं तोंड कधी पाहिलं नाही, पण तो आल्याशिवाय पडदाही कधी वर गेला नाही.

हे काम त्याच्याकडे आलं ते टपालामुळं. पोलादपूरहून येणारी टपालाची पिशवी खांद्याला लावून तो आसपासच्या चार वाड्या तुडवायचा. मुंबईच्या पोरांची पत्रं म्हाताऱ्यांना वाचून दाखवायची पाळीही त्याच्यावरच यायची. पत्रात सुनेची कागाळी, आणि शेजारीण तांदूळ निवडायचं निमित्त करून ओट्याला चिकटलेली. तेव्हा ज्याचं पत्र त्यालाच ऐकू जाईल आणि दोन हातांवरच्या माणसाला नुसती माशी गुणगुणल्यासारखी वाटेल, असा आवाज त्यानं कमावला होता. पुढं पत्रं बंद झाली, घरोघरी मोबाइल आले, पण आवाज तसाच राहिला.

नाटक एकच, 'नदीपल्याडचा'. वाडीच्या शाळेवर पूर्वी असलेल्या मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर गेले, त्यांच्या अक्षरातली वही श्रीपतकडे राहिली. दुसरं नाटक बसवायचं म्हणून वाडीतल्या मुंबईकरांनी दोनदा पुस्तकं आणली, ती गावच्या म्हाताऱ्यांनी उघडूसुद्धा दिली नाहीत. गोष्ट साधी होती. बापाशी भांडून मुलगा मुंबईला पळतो, बारा वर्षं पत्र नाही, आणि तिसऱ्या अंकात एके दिवशी दारात येऊन उभा राहतो. घरोघरी थोड्याफार फरकानं घडलेलंच होतं ते, म्हणून तर दर चैत्री पुनवेच्या जत्रेला लोक तेच बघायचे आणि तेवढेच रडायचे.

बापाचं काम हैबतीचं. हैबती श्रीपतचा पहिलीपासूनचा मित्र. एरवी हा माणूस म्हणजे दगड. शेतात दिवसभर राबेल, बायकोशी चार शब्द बोलेल, त्यातले दोन बैलाविषयी. पण माघात कामं उरकली आणि देवळासमोरच्या सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, तालमी सुरू झाल्या की त्याच्या अंगात वारं शिरायचं. चंपाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जुनी लुगडी जोडून पडदा शिवलेला. त्यांचा ओम लहानपणी तालमी बघत त्याच पडद्याच्या गुंडाळीवर झोपायचा. कुशाबा मुलाचं काम करायचा आणि दर वर्षी त्याच जागी चुकायचा. गंमत अशी, की दुसऱ्याचे संवाद सगळ्यांना तोंडपाठ आणि स्वतःचे तेवढे आठवत नाहीत. हसून हसून पोटं दुखायची. श्रीपतला विचाराल तर त्याच्या आयुष्यातले सुखाचे महिने ते तेवढेच, माघ आणि फाल्गुन.

शब्द देण्याचा त्याचा एक नियम होता. दोनच शब्द द्यायचे. तिसरा दिला की नट आळशी होतो. आणि कधी द्यायचे हे वहीत बघायचं नाही, नटाच्या मानेकडे बघायचं. अडलेल्या माणसाची मान आधी विंगेकडे वळते, डोळे मागून येतात. हैबतीची मान सव्वीस वर्षांत त्याला स्वतःच्या मनगटासारखी पाठ झाली होती.

फक्त एका जागी शब्द द्यायचे नसत. तिसऱ्या अंकात मुलगा दारात येतो तेव्हा बाप खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहतो आणि गप्प होतो. लोकांना वाटतं, आता हा शिव्या घालणार, आता काठी उचलणार. तो मात्र बघत राहतो. आणि मग अगदी हळू म्हणतो, "जेवलास काय रे?" मास्तरांनी वहीत तिथं लिहिलं होतं, 'पॉज. लोकांना सोसेल तितका.' हैबती तो बारा आकडे मोजून होईपर्यंत ताणायचा. श्रीपत विंगेत मनातल्या मनात मोजायचा. त्या वेळात खोकलासुद्धा कुणी काढत नसे, आणि दहाच्या पुढं टाळ्या सुरू व्हायच्या. महाडहून माणसं यायची ती त्या पॉजसाठी.

तीन वर्षांमागच्या जत्रेला हैबती असाच उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर हात, नजर कुशाबावर, निदान विंगेतून तरी तसं वाटलं. श्रीपत मोजायला लागला. दहाला टाळ्या आल्या. बारा झाले. पंधरा झाले. श्रीपत विंगेत खूश होऊन हसला. म्हटलं, गडी आज रंगात हाय. वीसला पुन्हा टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. हैबतीची मान वळली नव्हती, म्हणजे तो अडला नव्हता. मान वळली नाही तर शब्द द्यायचा नाही. तीस. चाळीस. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळल्यासारखा दिसला, तोही श्रीपतला अभिनय वाटला. साठला हैबतीचा हात खुर्चीवरून सुटला आणि तो खुर्चीसकट खाली आला.

मग धावपळ झाली. कुणी म्हणालं, उपास घडलाय, कुणी म्हणालं, उकाडा. गूळपाणी आणलं, ते ओठांतून बाहेर आलं. जीप काढून महाडला नेलं, तिथून पुढं पनवेलला. मेंदूतली रक्ताची गुठळी. तिथल्या डॉक्टरनं कागद लिहिता लिहिता सहज सांगितलं, "अशा वेळी एकेक मिनिट महत्त्वाचं असतं." त्याला काय ठाऊक, समोर उभ्या असलेल्या माणसानं नेमकं एक मिनिट मोजून काढलं होतं. श्रीपत व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्या दिवसापासून तो आकडा त्याच्या डोक्यातून गेला नाही.

हैबती घरी आला तो उजवी बाजू गमावून आणि बोलणं गमावून. 'हां' आणि 'ते', एवढे दोनच शब्द शिल्लक. पाणी हवं असेल तरी 'ते', चंपाबाईला हाक मारायची तरी 'ते'. आपलं चुकतंय हे त्याला कळायचं, आणि मग रागानं तो डावा हात खाटेवर आपटायचा. श्रीपत रोज दुपारी जाऊन बसायचा. पेपर वाचून दाखवायचा, गावच्या गोष्टी सांगायचा. खरं सांगायचं ते मात्र रोज ओठांवर यायचं आणि रोज परत जायचं.

एके दिवशी हैबती असाच 'ते, ते' करत झगडत होता. त्याची मान श्रीपतकडे वळली. आणि श्रीपतच्या तोंडून सवयीनं, त्या जुन्या बारीक आवाजात, पहिल्या अंकातले दोन शब्द गेले, "नांगर सोडला..."

"नांगर सोडला, बैल बांधले, पन तुझी वाट काय सुटना पोरा," हैबती म्हणाला. घडाघडा. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

आत चंपाबाईच्या हातातलं सूप पडलं. ती धावत बाहेर आली. "कोन बोललं? हे बोललं?" श्रीपतनं दुसरे दोन शब्द दिले, हैबतीनं दुसरं वाक्य म्हटलं. तिघंही रडायला लागले. महाडच्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, पाठ केलेलं कधी कधी शाबूत राहतं, त्यानं हुरळून जाऊ नका.

हुरळायचे दिवस थोडेच टिकले. कारण नाटकातलं वाक्य नाटकापुरतंच. 'पाणी आन गो, घसा सुकला' हे वाक्य वहीत होतं, पण हैबतीला तहान लागली हे आधी दुसऱ्याला कळलं तरच त्याला ते द्यायचं. मग बोलून उपयोग काय? आख्खा पहिला अंक म्हणणाऱ्या माणसाला बायकोचं नाव घेता येत नव्हतं.

एका दुपारी चंपाबाई भांडी घासून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. "भावोजी, दुसऱ्या अंकातलं त्ये द्या ना. बायकोला बोलतो त्ये."

श्रीपतनं खाली बघत शब्द दिले, "तू होतीस..."

"तू होतीस म्हनून ह्या घराचे वासे उभे राह्यले," हैबती तिच्याकडे बघत म्हणाला. आतापर्यंतच्या संसारात तो तिला असं काही बोलला नव्हता. मास्तरांचे शब्द होते हे तिला माहीत होतं, तरी तिनं पदर तोंडावर घेतला आणि आत गेली. नंतर आठवड्यातून एकदा तरी ती तेच वाक्य मागायची.

तिसरा अंक मात्र श्रीपतनं कधी काढला नाही. चंपाबाईनं एकदा विचारलंच, "त्यो अंक का नाय देत? तुमच्या हैबतीचा जीव हाय त्याच्यात."

"वहीतली पानं फाटलीत," श्रीपत म्हणाला. वही तर सोडाच, त्याला झोपेतही तो अंक म्हणता आला असता.

पुढच्या श्रावणात हैबती गेला. झोपेत गेला, शब्द न मागता.

त्यानंतरच्या माघात मुंबईकरांनी ठरवलं की यंदा नाटक करायचं आणि बापाचं काम ओमनं करायचं. ओम मुंबईला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, रजा टाकून आला. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला पांढरी दाढी लावली आणि त्याचा मुलगा झाला पंचेचाळीस वर्षांचा कुशाबा. तालमीत हसू आवरेना. श्रीपत मात्र तिकडं फिरकला नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणाला, कंबर दुखते म्हणाला. शेवटी चंपाबाईच त्याच्या ओट्यावर आली.

"त्यांचं काम ओम करतोय. तुमचं काम कोन करनार?"

श्रीपत उठला आणि आतून वही आणि बॅटरी घेऊन आला.

चैत्री पुनवेला दिवे लागले आणि लुगड्यांचा तो पडदा वर गेला. वाडीतलं एकही घर उघडं नव्हतं, सगळी माणसं सहाणेसमोर. ओमनं दोन अंक छान केले. बापाची लकब उचलली होती पोरानं. चंपाबाई पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. तिसरा अंक आला, कुशाबा दारात उभा राहिला. ओमनं खुर्चीची पाठ धरली आणि गप्प झाला.

श्रीपतला मोजायचं नव्हतं, पण आकडे आपोआप आले. एक, दोन, तीन. ओमची मान हलत नव्हती. हुबेहूब बापाची मान. पाच. सहा. दाढीखालून घामाचा ओघळ आला. लोक श्वास धरून बसले होते. सात. ओठाचा कोपरा हलला का? आठला श्रीपत खोक्यावरून उठला, वही खाली पडली, आणि ज्या माणसाचा आवाज तिसऱ्या माणसाला कधी ऐकू गेला नव्हता, तो अर्धा विंगेबाहेर येऊन ओरडला, "जेवलास काय रे! बोल ना रे पोरा! बोल!"

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. दोघातिघांना हसू फुटलं आणि लगेच विरलं. ओमनं वळून श्रीपतकाकाकडे पाहिलं. तो भानावर होता, धडधाकट होता, तरणाताठा होता. त्यानं हळूच कुशाबाला विचारलं, "जेवलास काय रे?" टाळी पडली नाही. नाटक कसंबसं पुढं सरकलं आणि पडदा खाली आला.

कुणी श्रीपतला दोष दिला नाही, तेच त्याला जड गेलं. कुशाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला. तो खोक्यावर बसून वहीची सुटलेली पानं गोळा करत होता, तेव्हा चंपाबाई विंगेत आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी मी साठ मोजले," तो म्हणाला. "माझ्यासमोर त्याचं तोंड वाकडं झालं नि मी मोजत बसलो. शब्द दिला नाय. आवाज दिला नाय. डॉक्टर बोलला, एकेक मिनिट... त्यो मिनिट मी घालवला. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत व्हती, तरी रोज येत व्हतो."

पडदा सोडायला आलेली पोरं दोघांना बघून मागं फिरली. चंपाबाई खाली, त्या विखुरलेल्या पानांत बसली.

"भावोजी, तुमी विंगेत व्हता. मी म्होरं बसले व्हते, तोंडासमोर. ते माझ्याकडं बघत व्हते." तिनं एक पान उचलून मांडीवर ठेवलं. "आनि मी टाळ्या वाजवत व्हते."