कणकेचा गोळा

सुट्टीला आम्ही कोल्हापूरचे चार-पाच जण देवगडच्या खडकांवर गळ टाकायला जातो. तिथं आमच्याकडचाच एक माणूस नेहमी दिसायचा, कागल एमआयडीसीत भट्टीवर काम करणारा. ‘भरती लागली की टाका, तांबोशी माशाला जिवंत कोळंबीच लावा,’ हे आम्हाला त्यानंच शिकवलं. स्वतः मात्र पंचगंगेवर लावतात तसा कणकेचा गोळा लावायचा. लाटांत तो लगेच विरघळायचा.

एकदा मला ते बघवेना. मी माझ्यातली कोळंबी पुढं केली.

"ऱ्हाऊ दे पावणं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मासा लागला तर उठाय लागतंय की. आठवडाभर भट्टीम्होरं उभाच असतोय."

तेवढ्यात माझी दोरी ताणली गेली. मी तिच्याकडं नुसता बघत बसलो.